योगशिक्षक व्हायचंय, पण हात पायाला लागत नाहीत

गेल्या दोन महिन्यांत जी पत्रं आली त्यातली निम्मी फिरून फिरून एकाच गोष्टीपाशी येतात, योग शिकवायचाय पण मी त्या लायकीची आहे का, लायकीचा आहे का. म्हणून यावेळी ॲसिडिटी, झोप, टाचदुखी हे सगळं पुढच्या अंकावर ढकलतेय, रागावू नका. नावं कुणाचीच देत नाही, गाव तेवढं लिहिते.

ताई, नमस्कार. माझं वय ४४. सहा वर्षांपूर्वी पाठीच्या त्रासासाठी क्लास लावला आणि आता सोसायटीतल्या बायका म्हणतात की तूच आम्हाला शिकव. मिस्टर म्हणतात या वयात कशाला नवीन व्याप. तुम्ही यात कशा आलात? लहानपणापासून करत होता का? (कराड)

नाही हो, लहानपणी अजिबात नाही. एकतीस वर्षांची होईपर्यंत मी एक आसन केलेलं नव्हतं. सांगलीला बँकेत काउंटरला होते, दुसऱ्या बाळंतपणानंतर कंबर जी धरली ती सुटायचं नावच घेईना. सकाळी बेसिनपाशी वाकता यायचं नाही, एका हाताने बेसिन धरायचं आणि दुसऱ्या हाताने तोंडावर पाणी मारायचं, असं वर्षभर चाललं. गोळ्या झाल्या, कमरेचा पट्टा झाला. आमच्या गल्लीच्या टोकाला गणपतीच्या देवळाचा हॉल आहे, तिथे एक रिटायर झालेले पीटीचे सर पहाटे साडेपाचला वर्ग घ्यायचे, फी वगैरे नाही, पेटीत जमेल ते टाकायचं. शेजारच्या काकू मला अक्षरशः हाताला धरून घेऊन गेल्या.

सरांनी पहिल्या दिवशी मला काहीच करू दिलं नाही. सतरंजीवर उताणं झोपवलं, पोटऱ्या खुर्चीवर ठेवायला लावल्या, मानेखाली चादरीची घडी दिली आणि म्हणाले, पडून राहा. बाकीचे सगळे सूर्यनमस्कार घालतायत आणि मी वीस मिनिटं छताचा पंखा बघतेय. असं पंधरा दिवस चाललं, मला वाटायचं हे मला टाळतायत. मग एक दिवस त्यांनी मला ताडासनात उभं केलं, मागून पुढून बघितलं आणि विचारलं, बाळाला डाव्या कडेवर घेता ना? मी म्हटलं हो, उजव्या हाताने कामं करायची असतात. म्हणाले, बाहेर जा आणि तुमच्या चपला घेऊन या. दोन्ही चपला त्यांनी उलट्या करून सतरंजीच्या कडेला ठेवल्या, डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजलेली होती आणि उजवी जवळजवळ नवीन. सगळं वजन एकीकडे घेऊन चालताय, कंबर काय करणार बिचारी, एवढंच बोलले. ती चप्पल मी वर्षभर रोज घालत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. योग मला नंतर आवडला, आधी आवडलं ते हे असं बघणं. आठ वर्षं मी त्यांच्याकडे शिकत राहिले आणि एका पावसाळ्यात सर आजारी पडले तेव्हा म्हणाले, उद्यापासून तू घे. तेव्हा माझं वय ३९ होतं.

मिस्टरांना योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचं पण सांगा, पुण्यात त्यांचं नाव माहीत नाही असं माणूस सापडणार नाही, पण ते यात कसे आले ते फार कमी लोकांना माहीत असतं. १९१८ साली कर्नाटकातल्या बेल्लूरला जन्म, इन्फ्लूएंझाची साथ चालू, आईच आजारी, आणि पुढे मलेरिया, टायफॉइड, क्षय एकामागून एक. बहिणीचे यजमान कृष्णम्माचार्य म्हैसूरला राजवाड्याच्या योगशाळेत शिकवायचे, त्यांच्याकडे हा काटकुळा मुलगा गेला तो तब्येत सुधारावी म्हणून, योगाचार्य व्हायला नाही. दौऱ्यावर असताना धारवाडला बायकांनी आम्हाला पण शिकवा म्हटलं, आणि शिष्यांत हा सगळ्यात लहान म्हणून त्याला शिकवायला बसवलं. मग १९३७ ला पुण्याला डेक्कन जिमखान्यावर सहा महिन्यांसाठी शिकवायला पाठवलं, वय १८, मराठी येत नाही, इंग्रजी जेमतेम आणि समोर कॉलेजची मुलं जी वयाने, शिक्षणाने, तब्येतीने सगळ्यानेच मोठी. जेवायचे वांधे होते, पण रोज तासन् तास एकेक आसन स्वतःच्या शरीरावर करून बघत राहिले. ते सहा महिने २०१४ पर्यंत, म्हणजे गुरुजी जाईपर्यंत, संपले नाहीत. त्यांची मुलगी गीताजी, त्यांना लहानपणी मूत्रपिंडाचा गंभीर आजार झाला होता, त्याही या वाटेला आल्या त्या त्यातूनच आणि पुढे बायकांची पाळी, गरोदरपण, मेनोपॉज यात कुठलं आसन कसं करायचं यावर त्यांनी जे काम केलं त्याचा उपयोग मला आजसुद्धा रोज होतो.

तर पाठीच्या दुखण्यातून तुम्ही आलात ही तुमची जमेची बाजू आहे, ४४ हे वय पण जमेचीच बाजू आहे, तुमच्यासमोर बसणाऱ्या बायका त्याच वयाच्या असणार. पण लगेच वीस जणींची बॅच लावू नका. तुमच्या टीचरना सांगून सहा महिने वर्गात मागे उभ्या राहा, स्वतः काही न करता फक्त बघा, कोण श्वास धरून ठेवते, कुणाचे खांदे कानाला लागतात. मग तीन-चार जणी घ्या. आणि पहिल्या दिवशी आसनाला हात घालायच्या आधी एकेकीला बाजूला घेऊन विचारा, बीपी आहे का, डोळ्यांचा काचबिंदू किंवा पडद्याचा त्रास आहे का, हर्निया आहे का, मणक्याची गादी सरकलीय का, दिवस गेलेत का. बीपी वाढलेलं किंवा काचबिंदू असेल तिला डोकं खाली पाय वर असं काही नाही म्हणजे नाही, गादी सरकलेलीला पुढे वाकणं नाही, हर्निया असेल तर पोटावर ताण येणारी आसनं नाहीत. सगळ्यांसमोर विचारलं तर बायका सांगत नाहीत, बाजूला घेऊनच विचारा.

मॅम, मी २६ वर्षांचा, मूळचा नांदेडचा, हिंजवडीला जॉब करतो. दोन वर्षं योगा करतोय पण अजूनही पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून बसून पुढे वाकताना, माझे हात पायाच्या बोटांना लागत नाहीत. रीलमध्ये टीचर लोक पाय डोक्यामागे नेतात. मला शिकवायची खूप इच्छा आहे पण असं आखडलेलं शरीर घेऊन कोण मला टीचर म्हणेल? (पुणे)

अरे, मी म्हणेन. आणि तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, गेली वीस वर्षं मी हे बघतेय. ज्यांचं शरीर जन्मतःच लवचीक असतं त्यांना आसन येतं पण ते कसं आलं ते सांगता येत नाही कारण ते कुठे अडलेलेच नसतात, समोरच्याचा गुडघा वाकत नाही हे त्यांना खोटंच वाटतं. तू दोन वर्षं मांडीच्या मागच्या शिरेशी भांडतोयस, तुला माहितेय की गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली की काय बदलतं, ढुंगणाखाली उशी घेतली की कंबर कशी मोकळी होते, रात्रीपेक्षा सकाळी शरीर किती जास्त आखडलेलं असतं. पायाला पट्टा अडकवून तो धरायचा, पोट आणि छाती लांब ठेवायची, बोटांचं विसरून जायचं. पट्टा, वीट, दोरी, खुर्ची ही जी साधनं अय्यंगारांनी योगात आणली ती याचसाठी, की ज्याचं शरीर पोचत नाही त्यालाही आसनातलं जे मिळायला पाहिजे ते मिळावं.

आता एक गोष्ट सांगते, मला ती सांगताना अजूनही त्रास होतो. शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं, तोपर्यंत माझं अंग चांगलं सुटलेलं, पश्चिमोत्तानासनात माझं कपाळ गुडघ्याला आरामात लागायचं आणि बेसिनपाशी एका हाताने तोंड धुणारी ती मी, मलाच विसरले होते. वर्गात पन्नाशीचे एक गृहस्थ होते, ट्रान्सपोर्टचा धंदा, आयुष्य गाडीत बसून गेलेलं. ते अर्ध्यातच अडकायचे. मी मागून दोन्ही तळवे त्यांच्या पाठीवर ठेवले आणि श्वास सोडा म्हणत दाबलं. ते "आई गं" म्हणाले, इतकं हळू म्हणाले की शेजारच्याला ऐकू गेलं नाही, मला मात्र तळव्याला जाणवलं. तीन आठवडे त्यांना खुर्चीत नीट बसता येत नव्हतं. गादी सरकल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं. मी रोज संध्याकाळी त्यांच्या घरी जायचे, त्यांच्या मिसेस चहा द्यायच्या, एक शब्द टाकून बोलल्या नाहीत आणि त्याचंच मला जास्त लागलं. त्यानंतर मी कुणाच्याही पाठीवर वजन टाकलेलं नाही. हात लावते तो दिशा दाखवायला, दोन बोटं, बस.

अय्यंगारांनी स्वतःबद्दल सांगितलंय, की लहान वयात गुरूंनी सगळ्यांसमोर हनुमानासन करायला सांगितलं, म्हणजे एक पाय पुढे एक मागे सरळ जमिनीवर, ते आधी कधी केलेलं नव्हतं, केलं आणि मांडीच्या मागचे स्नायू फाटले, नंतर बराच काळ नीट चालता येत नव्हतं. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये. रील बघून रविवारी हॉस्टेलच्या खोलीत पाय डोक्यामागे न्यायला जाऊ नकोस म्हणून सांगतेय. आहे तिथून पुढची दोन वर्षं एकाच शिक्षकाकडे जा. आणि शिकवायची सुरुवात ऑफिसमधल्या तुझ्यासारख्याच आखडलेल्या मित्रांपासून कर, मान, खांदे, मनगट, खुर्चीवर बसून वळणं, एवढंच. त्यांना तुझ्याशिवाय चांगला टीचर मिळणार नाही.

कोणता कोर्स करू? २०० तासांचा परदेशी मान्यतेचा करू की सरकारी परीक्षा देऊ? सर्टिफिकेटशिवाय शिकवता येतं का? (जळगाव, लातूर, वसई आणि अजून बऱ्याच ठिकाणांहून)

थोडक्यात सांगते. आयुष मंत्रालयाखाली २०१८ पासून योगा सर्टिफिकेशन बोर्ड आहे, त्याच्या पायऱ्या आहेत, प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, मग टीचर आणि इव्हॅल्युएटर, मग मास्टर, त्यात लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही असतं. शाळेत किंवा सरकारी कामात शिरायचं असेल तर हे उपयोगी पडतं. २०० तासांचा जो प्रकार आहे तो अमेरिकेतल्या योगा अलायन्सच्या पद्धतीचा, परदेशात किंवा रिसॉर्टमध्ये शिकवायचं असेल तर तो विचारतात. लोणावळ्याच्या कैवल्यधाम या योगसंस्थेचं स्वतःचं कॉलेज आहे, मुक्त विद्यापीठाची पदविका आहे, नोकरी सांभाळून ती करता येते. सोसायटीत पाच जणींना शिकवायला कुणी सर्टिफिकेट मागत नाही, पण तरी परीक्षा द्या असं मी सांगेन, शरीरशास्त्र वाचायला लागतं त्या निमित्ताने.

फक्त एक हिशोब करून बघा. २०० तास २५ दिवसांत उरकतात म्हणजे रोजचे ८ तास झाले. तेच २०० तास रोज एक तास असे केले तर साडेसहा महिने लागतात, आणि त्या साडेसहा महिन्यांत तुम्हाला सर्दी होते, पाळी येते, घरात लग्न निघतं, कंटाळा येतो, आणि त्या सगळ्यात आसनाचं काय होतं ते कळतं. पंचवीस दिवसांत हे कुठून कळणार. कोर्स करा, पण आधी दोन-तीन वर्षं कुणाच्या तरी वर्गात सतरंजी टाका.

ताई, मी दहा वर्षं न्यू जर्सीत आहे. योगा इथेच शिकले, एका अमेरिकन टीचरकडून, आणि आता शिकवते. भारतीय म्हणून लोकांना वाटतं मला सगळं जन्मतःच येतं, आणि साताऱ्याची आई म्हणते आपलं असून गोऱ्या बाईकडून काय शिकलीस. मला दोन्हीकडे अपराधी वाटतं.

अपराधी वाटायचं कारणच नाही. नर्मदेच्या काठी गुजरातेत मालसर म्हणून गाव आहे, तिथे परमहंस माधवदास म्हणून साधू होते, त्यांचे दोन शिष्य बघा. एक मणिभाई देसाई, म्हणजे श्री योगेंद्र, त्यांनी १९१८ ला वर्सोव्याला योग इन्स्टिट्यूट काढलं, आता सांताक्रूझला आहे ते, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कच्या बाजूला शिकवायला लागले, तुमच्या घरापासून फार लांब नाही ते. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, अमळनेरला शिक्षक होते, त्यांनी नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याची क्रिया, करताना पोटात नक्की काय होतं ते एक्स-रे लावून तपासलं आणि १९२४ ला लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. एकच गुरू, पण एकाने संसारी माणसाला परवडेल असा योग केला, दुसऱ्याने प्रयोगशाळेत नेला. आणि म्हैसूरला कृष्णम्माचार्यांकडे १९३७ च्या सुमाराला रीगामध्ये जन्मलेली एक बाई येऊन उभी राहिली, इंद्रादेवी. आधी ते शिकवायला तयार नव्हते, महाराजांनी शब्द टाकला म्हणून शिकवलं, आणि शेवटी त्यांनीच तिला सांगितलं की आता तू शिकव. तिने शांघायला वर्ग काढला, मग हॉलिवूडला. म्हणजे ही विद्या शंभर वर्षं अशीच इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरतेय, तुमच्या टीचरपर्यंत पण ती अशीच कुणाच्या तरी हातातून गेली असणार. आईला टीचरचं नाव सांगा, फोटो दाखवा, वर्गातही नाव घ्या, लपवू नका.

मराठी माणसाकडे एक गोष्ट मात्र आहे ती वापरा. आसनांची नावं आपल्याला अर्ध्याच्या वर कळतात. पश्चिमोत्तानासन, पश्चिम म्हणजे पाठ, कारण पूर्वेला तोंड करून बसलं की पाठ पश्चिमेला येते, आणि उत्तान म्हणजे ताणलेलं. म्हणजे नावातच सांगितलंय की सगळी पाठ टाचेपासून डोक्यापर्यंत ताणायची, कपाळ गुडघ्याला लावा असं नावात कुठेच नाही. ताडासन ताडाच्या झाडाचं, सरळसोट. हे इंग्रजीत सांगून बघा वर्गात, लोकांचं उभं राहणं बदलतं, मी आमच्याकडे येणाऱ्या परदेशी मुलींवर बघितलंय.

मी सहा वर्षं शिकवते, आता दिवसाला पाच बॅच आहेत, दोन ऑनलाइन. पैसे नीट मिळतात, लोक चांगलं बोलतात, पण माझा स्वतःचा सराव बंद पडून वर्ष झालं. आवाज बसतो, उजवा खांदा दुखतो, आणि खरं सांगू का, वर्ग चालू असताना मी घड्याळ बघत असते. कुणाला सांगायचीपण लाज वाटते. (ठाणे)

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. लाज वाटून घेऊ नका, हे खूप जणींचं होतं, माझंही झालेलं आहे, मी तेव्हा चार बॅच घेत होते आणि मला वाटायचं दिवसभर आसनंच तर करतेय, वेगळा सराव कशाला.

वर्गात करून दाखवणं म्हणजे सराव नाही. दाखवताना आपण बोलत असतो, म्हणजे श्वास आसनाचा नसतो, बोलण्याचा असतो. आपलं लक्ष समोरच्या पंधरा जणींवर असतं. आणि दाखवतो ते बहुतेक वेळा एकाच बाजूने, उजवीकडे त्रिकोणासन दाखवलं की डावीकडचं तुमचं तुम्ही करा म्हणतो आणि फिरत सुटतो. पाच बॅच, वर्षाचे तीनशे दिवस, सगळं उजवीकडेच. उजवा खांदा दुखणार नाही तर काय होणार हो. उद्यापासून डावीकडून दाखवा, आणि खरं तर दाखवूच नका, वर्गातल्या जुन्या मुलीला पुढे उभं करा आणि तिच्यावर दाखवा, तिचंही शिकणं होतं. खांदा महिनाभरात उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा, आपण योगशिक्षक म्हणून आपल्याला फिजिओची गरज नाही असं काही नसतं.

योगसूत्रांत पतंजलींनी अभ्यास, म्हणजे सराव, पक्का कधी होतो त्याला तीन अटी घातल्यात, दीर्घकाल, नैरंतर्य आणि सत्कार. पहिल्या दोन सगळे सांगतात, खूप वर्षं करा, खंड पडू देऊ नका. तिसरी अट कुणी बोलत नाही. सत्कार म्हणजे आदराने, जसं घरी आलेल्या माणसाला आपण पाट मांडून बसवतो तसं. तुम्ही पाच बॅचमधल्या सगळ्यांना पाट मांडताय आणि स्वतःच्या सरावाला दारात उभं ठेवलंय वर्षभर. अय्यंगार गुरुजी नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा रोज पुण्याच्या आपल्या संस्थेच्या हॉलमध्ये स्वतःचा सराव करायचे, आजूबाजूला देशोदेशीचे विद्यार्थी आपापली आसनं करतायत आणि एका कोपऱ्यात गुरुजी आपल्या आसनात, शिकवायला म्हणून नाही, त्यांच्या स्वतःसाठी.

एक बॅच सोडा. मला माहितेय घरखर्च आहे, हप्ते असतील, म्हणून कुठलीपण नाही, जिला सगळ्यात कमी लोक आहेत ती, आणि बाकीच्या चारांची फी थोडी वाढवा, जातील ते दोघं-तिघं जातील. त्या रिकाम्या झालेल्या वेळेत घरातल्या ज्या खोलीत शिकवत नाही त्या खोलीत सतरंजी टाका, मॅट नको, मॅट बघितली की तुमचं डोकं वर्गात जाईल. फोन दुसऱ्या खोलीत. पहिले आठ-दहा दिवस नुसतं खुर्चीवर पोटऱ्या ठेवून पडून राहिलात तरी चालेल, मला सरांनी पंधरा दिवस तेच करायला लावलं होतं. आणि आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी वर्गात जाऊन मागच्या ओळीत बसा, तिथे तुम्ही शिकवता हे सांगू नका. कुणीतरी दुसऱ्याने "खांदा खाली सोडा" म्हटलेलं तुम्हाला किती दिवसांत ऐकायला मिळालं नाहीये.

आवाजासाठी माइक घ्या, छोटा कॉलरचा मिळतो, पाच बॅचला आवाज पुरत नाही कुणाचाच. दिवाळीच्या अंकाच्या आधी मला परत लिहा, खांदा कसा आहे ते, आणि घड्याळाचं पण.